मिन बाईंची पायपेटी

मित्रांनो, मला फार वेळ बोलवत नाही. मी एक पायपेटी आहे, चांगली जुनी, आणि पायपेटीचं बोलणं भात्यातल्या वाऱ्यावर चालतं. माझा भाता आता जागोजागी फाटला आहे. एक वाक्य झालं की दम लागतो. तरी आलाच आहात तर बसा.

माझा जन्म देगू शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या सुतारांनी मला असं चकचकीत केलं होतं की मला वाटलं, आपण राजधानीतल्या एखाद्या बड्या घरी जाणार. नशीब बघा! मला बोटीत घातलं आणि दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या शाळेत आणून टाकलं. तिथे माणसं थोडी आणि वारा फार. पुरुष मासेमारीला जायचे, बायका समुद्रातलं शेवाळ काढून चटयांवर वाळवायच्या. ती खारी हवा माझ्या हाडांत शिरली ती कायमचीच. थोड्याच वर्षांत माझी मधली एक पट्टी मुकी झाली. दाबली की नुसती फुस्स करायची.

सगळ्या शाळेत पेटी म्हणून मी एकटी. ज्या वर्गाचा गाण्याचा तास, त्या वर्गातली मुलं येऊन मला उचलून न्यायची आणि उंबरठ्यावर हमखास आपटायची.

"म्हातारी जेवून आलीय वाटतं, केवढी जड!" एक जण म्हणायचा.

"तू आधी तुझी बाजू उचल की, फुकट्या!" दुसरा ओरडायचा.

तेव्हा मी म्हातारी नव्हतेच मुळी. पण बोलणार कोण? गाणं सुरू झालं की हीच पोरं माझ्याभोवती कोंडाळं करायची, त्यामुळे राग फार वेळ टिकायचा नाही.

मला वाजवायच्या त्या मिन बाई. तरुण, सडपातळ आणि भारी शिस्तीच्या. नवरा मोकपोच्या बंदरात कामाला होता, म्हणून बाई आणि त्यांची लेक मिरान शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. आमची भिंत एकच, मला सगळं ऐकू यायचं. मुकी पट्टी आली की तो सूर बाई स्वतः गायच्या आणि गाणं पुढे न्यायच्या. शाळा सुटल्यावर त्या माझ्या झाकणावर कोपरं टेकून बसायच्या. दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा.

"शिकवणं म्हणजे चाळणीतल्या दाण्यांना मोड आणणं," त्या म्हणायच्या. "ओतावं तेवढं पाणी गळून जातं. हाती काही लागत नाही. आणि एक दिवस बघावं तर मोड आलेले!"

एवढं बोलून त्या जांभई द्यायच्या आणि फळा पुसायला उठायच्या.

मिरान त्यांच्याच वर्गात होती. शाळेचा उंबरठा ओलांडला की 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, असा नियम होता. पोरीनं तो बिनतक्रार पाळला. संध्याकाळी रिकाम्या वर्गात मात्र ती माझ्यापाशी यायची. पाय खाली पोचत नसत, म्हणून बाई शेजारी बसून भाता मारायच्या आणि मिरान वाजवायची. मित्रांनो, इतकी हलकी बोटं मला पुन्हा कधी लागली नाहीत. शाळेच्या संमेलनात सगळ्यांदेखत एकदा मला वाजवायचं, एवढी एकच इच्छा त्या पोरीची होती.

ही गोष्ट गावात कळायला कितीसा वेळ लागतो? वर्गात मालसुन नावाची मुलगी होती. एके दिवशी तिची आई शाळेच्या कुंपणापलीकडे शेवाळाच्या चटया उचलत होती. खिडकीत बाई दिसल्याबरोबर ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "यंदा पेटीवर कोण बसणार हे विचारायलाच नको. बाईंची लेक म्हणजे सरकारचा जावई!"

बायका हसल्या. बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, "संमेलनात पेटी कोण वाजवणार? हात वर करा."

एकच हात वर गेला. मिरानचा. बाकावरून अर्धी उठून, अगदी ताठ. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मालसुन."

"मी? बाई, मला नाही येत!"

"शिकशील."

संमेलनाला माणसं ठेवणीतले कपडे घालून, शेवाळात गुंडाळलेला भात डब्यात घेऊन आली. मालसुन माझ्यापुढे बसली. तिचं बोट सारखं त्या मुक्या पट्टीवर जात होतं आणि मी सारखी फुस्स करत होते. लोक हसले, पोरगी रडली. मागच्या ओळीत मिरान आपल्याच गुडघ्यांवर बोटं चालवत होती. तिचं एकही बोट चुकत नव्हतं.

त्यानंतर तिनं मला हात लावला नाही. आणि त्या दिवसापासून ती घरीही आईला 'बाई' म्हणू लागली. बाईंना वाटलं, राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. मिरान मोठी झाली, राजधानीत, सोलला गेली, तिकडेच नोकरीला लागली. सणाला यायची आणि "बाई, बऱ्या आहात ना?" एवढं विचारून परत जायची. ती गेली की बाई माझ्या झाकणावर कोपरं टेकून बसायच्या. आता मात्र काही बोलायच्या नाहीत.

माझंही पुढे काही बरं झालं नाही. विजेवर वाजणारी पेटी आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर कुंड्या आल्या, मग ओली फडकी आली. बाईंची बदली झाली. बेटावरची मुलं कमी होत होत शेवटी एकही उरलं नाही, आणि गेल्या शरदात शाळा बंद करायची ठरली. मोडकं सामान संध्याकाळच्या बोटीनं भंगारात जायचं होतं. मलाही दोरी बांधून दाराशी ठेवलं होतं.

त्या दिवशी जुने विद्यार्थी निरोपाला जमले. मिन बाई काठी टेकत आल्या. गुडघे पार गेलेले, म्हणून हात धरायला मिरान आली होती. मालसुन तर बेटावरच राहते, शिंपल्यांची शेती करते, आवाज दणदणीत. मला बघितलं आणि ती थेट बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, आज विचारतेच. मी तुमचं काय घोडं मारलं होतं हो? हात मी वर केला नव्हता. हात हिचा होता! आणि हसं माझं केलंत!"

सगळे खो-खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"लोक काय म्हणतील याला भ्याले," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांशी न्यायानं वागायला गेले आणि घरच्या पोरीवर अन्याय केला. ते मला त्याच दिवशी कळलं होतं, मालसुन. तोंड उघडलं नाही, एवढंच."

"लोक म्हणजे माझी आईच ना? ती कधीच गेली. आता कोणाला भ्यायचंय?" मालसुननं माझी दोरी सोडली. "घ्या वर्ग!"

बाई काठी टेकून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी घसा साफ केला.

"पेटी कोण वाजवणार? हात वर करा."

मिरान खिडकीपाशी उभी होती. तिचेही केस पिकायला लागलेत. ती हललीच नाही. मला वाटलं, संपलं, आता दोरी पुन्हा बांधतील. मग तिचा हात हळूहळू वर गेला.

"मिरान," बाई म्हणाल्या.

ती येऊन बसली. आता पाय पोचत होते. निम्मा वारा चिरांमधून निघून गेला, उरलेल्यावर मी कशीबशी वाजले. बोटं तीच होती, मित्रांनो, तशीच हलकी. मुक्या पट्टीपाशी ती थांबली आणि मान वर न करता म्हणाली, "आई, हा सूर तुझा."

बाई गायल्या. आवाज फाटला होता, डोळे वाहत होते, पण सूर बरोबर लागला.

मला बोटीत चढवलं नाही. मी मालसुनच्या ओसरीवर असते, आणि खरं सांगायचं तर माझ्यावर लसूण वाळत घालतात. मी थकले आहे. माझी धूळ पुसा, भात्याला ठिगळ लावा, असं सांगणार होते. जमलं तर तेही करा. पण आज घरी गेलात की आधी एवढं बघा, आपल्या माणसांत कोणाचा हात कधीपासून वर आहे. त्याचं नाव घ्या. वर धरलेला हात फार दुखतो.