एका लेकरामागं एक दात

मित्रांनो, झाकण जरा जपून उघडा, हल्ली ते सैल झालं आहे. मी एक जुनी पितळी डबी आहे. तळहातावर मावेन एवढीच. अंगावर वेलबुट्टी होती, ती बोटं फिरून फिरून कधीच गुळगुळीत झाली. माझा जन्म हिंगोलीचा. चाँद पाशा नावाच्या कारागिरानं मला पत्र्यातून ठोकून काढलं, झाकण बसवलं, आणि कानाशी धरून हलवून पाहिलं. "बायकांच्या कमरेला राहायचंय हिला," तो म्हणाला, "वाजायला नको." तेव्हापासून मी न वाजता राहिले. आज मात्र बोलणार आहे.

आखाडा बाळापूरच्या जनकाबाईंनी मला घेतलं आणि माझ्यात मिशरी भरली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना चोळायची, ती मिशरी. जनकाबाईंच्या कनवटीला बसून मी हळदीचं शिवार पाहिलं, बाजार पाहिला, लग्नं पाहिली. खुरपणीत दम लागला की बायका म्हणायच्या, "जनके, चिमूट दे ग." मी उघडले की सगळ्या जवळ सरकायच्या. त्या वर्षांत मला मोठा मान होता.

जनकाबाईंना लेकरं चार, आणि तोंडात खिंडारंही चार. त्या एकेका खिंडारावर बोट ठेवून सांगत, "हा अमृतचा. हा थोरलीचा. लेकरू पोटात आलं की आईचा एक दात मागतंच." बोलणाऱ्या सगळ्या तसंच बोलायच्या. गरोदरपणी हिरडीतून रक्त आलं की दात घासणं थांबवायचं, नुसती मिशरी लावायची आणि दाताची आशा सोडायची, हीच आमच्याकडची रीत. अमृत लहानपणी हट्टाला पेटला की त्या म्हणत, "माहा दात खाल्लास, आता जीव खातूस का?"

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. अमृतराव आता शाळेत मास्तर होते आणि त्यांचं लग्न झालं. त्यांची बायको पद्मा परभणीला कॉलेज शिकून आली होती. येताना तिनं दात घासायचा ब्रश आणला. तो पाहून जनकाबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून बघ माही. घोड्याचा खरारा तोंडात घालून राहिली." पद्मालाही हसू आलं, पण ब्रश तिनं सोडला नाही.

सकाळी जनकाबाई मला न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवत. तिथून मला जे दिसलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पद्माला दिवस गेले होते, ते सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या महिन्यात एके सकाळी तिचा ब्रश लाल झाला. तिनं चटकन इकडेतिकडे पाहिलं आणि तो पाण्याखाली धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पद्मा शिकलेली होती, पण भिणारी होती. पोटातल्या जिवाचं रक्त आपण असं थुंकून टाकतो आहोत, असं तिच्या मनानं घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं ब्रश फडताळात मागं सारला आणि नुसती चूळ भरली.

पुढं हिरड्या सुजल्या. भाकरी चावली की डोळ्यांत पाणी यायचं. ती वरणाचं पाणी प्यायची आणि पोट भरलं म्हणायची. एक दिवस जनकाबाईंनी ताट पाहिलं.

"काहून ग, भाकरीचा पापुद्राच खाऊन राहिलीस?"

"दुखतं, आत्याबाई. हिरड्यांतून रक्त येतंय."

"मग आदी नाही का सांगायचं? दात मागून राहिलं ते. दे त्याला." आणि त्यांनी मला पुढं केलं. "हे लाव, तकलीफ कमी व्हईल."

तकलीफ खरंच कमी झाली. हिरडी बधिर झाली. पद्माला पहिल्यांदा भोवळ आली, मग तीही येईनाशी झाली. लवकरच ती न मागता कोनाड्यात हात घालू लागली. पण ताटातली भाकरी वाढली नाही. उलट मिशरीनं भूकच मेली.

सातव्या महिन्यात जनकाबाई तिला एसटीनं हिंगोलीला दाखवायला घेऊन गेल्या. मी कनवटीला होतेच. नजमा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट तपासलं, पुन्हा तपासलं.

"दिवसांच्या मानानं बाळ बारीक वाटतं. जेवण बराबर आहे का?"

"जेवणच न्हाई," जनकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पद्माला खिडकीच्या उजेडाला बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. पद्मानं मनात दाबून ठेवलेला प्रश्न तेव्हा बाहेर पडला. "बाई, हे रक्त बाळाचं तर नाही ना जात?"

"नाही ग. बाळ आपल्या जागी आहे. या दिवसांत हिरड्या हळव्या होतात, थोड्या मळानंही सुजतात आणि रक्त येतं. तू घासणं बंद केलंस?"

पद्मानं मान हलवली.

"म्हणजे मळ तसाच राहिला आणि सूज वाढली. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, सकाळी आणि झोपताना घासायचं. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून आजच मळ काढून घे. पोटुशीला चालतं ते."

"आन् दात?" जनकाबाई मध्येच म्हणाल्या. "लेकरू दात मागतंच की. माहे चार गेले."

"मावशी, लेकरं दात नेत नाहीत. हिरडी सडली की दात पडतो, आणि नाव लेकराचं होतं."

"मिशरीनं तर गुण येतो."

"गुण नाही येत, बधिरपणा येतो. तंबाखूच आहे ती. हिच्या रक्तातून लेकरापर्यंत जाते. लेकरू बारीक राहतं त्यानं."

वर जाऊन पद्मानं मळ काढून घेतला आणि दोघी एसटीनं परतल्या. घरी आल्यावर अमृतराव समोर आले तर त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "अमृत, दातावरून तुला लई बोलले रे मी. तुहं काही नव्हतं त्यात." अमृतरावांना काही उमगलं नाही. "तुला भूक लागली असंल, आई," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

जनकाबाईंनी मला उकिरड्यावर रिकामं केलं. खरं सांगायचं तर त्यांची स्वतःची मिशरी तेव्हा सुटली नाही. कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी ती गोठ्यात ठेवली, सुनेच्या नजरेआड. मला मात्र चिंच आणि राखेनं लख्ख घासलं आणि माझ्यात पांढरं दंतमंजन भरलं.

ब्रश पुन्हा लाल झाला. पद्माचा हात थांबला. न्हाणीच्या दाराशी जनकाबाई गुळण्यांचं पाणी घेऊन उभ्या होत्या. "येऊ दे रगत," त्या म्हणाल्या. "थांबायचं न्हाई म्हणली डॉक्टरीण. हळू घास. मी हाय इथं."

रोज त्या तिथं उभ्या राहिल्या. लाली फिकी होत गेली आणि एका सकाळी ब्रश पांढराच राहिला. त्या दुपारी पद्मानं ज्वारीची भाकरी कुसकरली नाही, चावून खाल्ली. वर आणखी चतकोर मागितली. जनकाबाई वाढत राहिल्या. पोर झाली ती अंगानं बेताचीच, पण रडणं खणखणीत. पद्माचे दात सगळे जागेवर होते.

आता मला कुणी कनवटीला लावत नाही. मी फळीवर असते, अंगावर धूळ असते, त्याचं मला फारसं वाटत नाही. एवढंच सांगावंसं वाटतं, मित्रांनो. घरात कुणाला दिवस गेले की तिला काय खावंसं वाटतं, हे सगळेच विचारतात. तुम्ही चावताना दुखतं का, हेही विचारा. ती नाही म्हणाली तरी एकदा तिच्या ताटाकडं बघा.