मगजाची काच

मित्रांनो, कपाटात कापडाखाली बसलेला हा जुना सूक्ष्मदर्शक मीच. एका कारागिराने महिनाभर माझी भिंगं घासली, तेव्हा कुठे मला दृष्टी आली. पुढे तीस वर्षं मी रक्ततपासणीच्या खोलीत खिडकीपाशी उभा होतो.

माझ्यातून पाहायच्या त्या डॉक्टरबाई. चष्मा काढून माझ्या मानेला अडकवायच्या, मग डोळा लावायच्या. काचेवर रक्त पसरून त्याला जांभळा रंग देणारे एक मदतनीस होते, त्यांना सगळे रंगारी म्हणत. बाई सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण रंगाऱ्यांच्या हाताचं करायच्या. माझं मात्र कधी केलं नाही!

एकदा रंगाऱ्यांच्या सात वर्षांच्या लेकीच्या अंगावर निळे डाग उठले. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे बारीक कण, फारच कमी भरले. हे कण तयार होतात हाडातल्या मगजात. मगजच आटला असेल, तर दुखणं मोठं. म्हणून तिच्या कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढला. काचेला रंग रंगाऱ्यांनीच दिला.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. सगळं फिकट. कण तयार करणाऱ्या मोठ्या पेशी कुठेच दिसेनात. रंगाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“रंगारी, रंग किती वेळ ठेवलात?”

“पाचच मिनिटं, बाई. धीरच निघेना.”

“अहो, वीस मिनिटं लागतात हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? दुसरी काच घ्या. आणि माझ्या तोंडाकडे नका बघू, घड्याळाकडे बघा.”

वीस मिनिटं रंगारी घड्याळासमोर उभे राहिले. मग दुसरी काच आली आणि त्या दिसल्या! एक, दोन, पाच, चांगल्या ऐसपैस पेशी.

“मगज कामाला जुंपलेला आहे,” बाई म्हणाल्या. “कण बाहेर रक्तात गेल्यावर मोडतायत. त्याला औषध आहे.”

रंगारी स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

लेक बरी झाली. बाईंनी तिला त्याच स्टुलावर उभं करून ती काच दाखवली. “हे सगळं माझ्यात आहे?” तिने विचारलं आणि कितीतरी वेळ डोळा हलवला नाही.

पुढे दोन डोळ्यांचा, दिव्याचा नवा भाऊबंद आला. माझी रवानगी कपाटात झाली. बाई निवृत्त झाल्या, मागोमाग रंगारीही. जाताना रंगाऱ्यांनी लेकीची ती काच माझ्या पट्टीखाली लावून ठेवली. नव्यावर माझा राग नाही. पण बाईंच्या श्वासाची वाफ माझ्या नळीवर धरायची, तिची फार आठवण येते.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर कापड काढा, भिंगं मऊ फडक्याने पुसा, माझा आरसा खिडकीकडे वळवा. काच लावलेलीच आहे. डोळा तेवढा हवा.