बकासुरात बदक

माझं नाव मृदुपवन. अशा नावाच्या माणसाने राक्षस करू नयेत, असं आमच्या आसामातल्या माजुली बेटावर बऱ्याच जणांचं मत आहे. पण आमच्या घरात दुसरं काही करत नाहीत. बांबूचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं फडकं, त्यावर शेण आणि माती. रासाच्या उत्सवात असले मुखवटे चढवून माणसं राक्षस होतात आणि कृष्ण त्यांना मारतो. पहिल्या रांगेतली पोरं रडली तर राक्षस चांगला. दुसरी परीक्षा नाही.

गेल्या वर्षी माझ्या अघासुराला पोरांनी टाटा केला.

यंदा बकासुर होता, बगळ्याच्या रूपातला; कृष्ण त्याची चोच फाकवून त्याला मारतो. मी मोजपट्टी लावून चोच केली, दोन्ही डोळे एका रेषेत आणले. देउतांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो चहूबाजूंनी पाहिला.

"हा कुणाला खायला आलाय, की बँकेत खातं उघडायला?"

"देउता, अजून रंग व्हायचाय."

"रंगवून काय, शर्ट घाल त्याला. यंदा पोरं रडली नाहीत तर फेरीबोटीत बसायचं आणि जोरहाटला मामाच्या फर्निचरच्या दुकानात जायचं. तिथं सरळ रेषेची कदर होते."

मला कपाटं करायची नव्हती. म्हणून ओला बकासुर अंगणात ठेवून मी आणखी बारीक मोजपट्टी शोधायला गेलो.

परत आलो तर चोचीत आमचं बदक. आत शिरताना त्याने एक गाल फाडला होता आणि बूड टेकायला मान वाकडी केली होती. पेंढाही आत नेला होता. मी हात घातला तशी आई ओरडली, "खबरदार! अंड्यांवर बसलंय ते. उठवायचं नाही."

"आई, उत्सव जवळ आलाय."

"मग बकासुराला सांग थांबायला."

जवळ गेलं की बदक चावायचं. मग मी शेणमातीचा गोळा लांबूनच फेकायचो आणि पळायचो. गोळा पडेल तिथे भुवई. एक डोळा कपाळावर गेला; तो झाकायला दुसरा गोळा फेकला, तो गालावर बसला. डोळे तीन झाले. लोंबता पेंढा ओढायची हिंमत नव्हती, म्हणून लांब बांबूला कुंचला बांधून त्यालाच लाल रंग फासला. सुरुवातीला मला रडू यायचं. नंतर मजा यायला लागली, हे घरात कुणाला सांगितलं नाही. शेजारची काकू मात्र मागच्या वाटेने जायला लागली.

उत्सवाआधी पिल्लं निघाली आणि टोपलीत गेली. गावातल्या रूपेश्वरने मुखवटा डोक्यावर चढवला.

"आत वास येतोय."

"राक्षस आहेस," देउता म्हणाले.

नामघरात, म्हणजे गावच्या प्रार्थनेच्या सभागृहात, बकासुर आला आणि पहिली रांग रडली. दुसरीही. मग कृष्ण झालेला पोरगाही भोकाड पसरून मुकुटासकट पडद्यामागे पळाला. सूत्रधाराने वधाचा श्लोक दोनदा म्हटला. वध करणारा येईना.

तो पडद्यामागे डोकावला. "बाळा, तूच मारायचंस ना त्याला?"

"तुम्ही मारा!"

रूपेश्वरने मुखवटा काढून बाजूला ठेवला. "अरे, मी आहे रे, रूपेश्वर!" आता पोराला दोघं दिसले. तो जास्तच रडला.

शेवटी आईने टोपली आणली. बदक सवयीने चोचीत जाऊन बसलं, पिल्लं मागोमाग. कृष्ण नाक पुसत आला, वाकला आणि आत बघायला दोन्ही हातांनी हळूच चोच फाकवली. सूत्रधाराने घाईघाईने वध झाल्याचं जाहीर केलं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी देउतांनी माझी मोजपट्टी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली.

"पुढच्या वर्षी पूतना. तूच कर."

मग बांबूचा नवा सांगाडा अंगणात ठेवून त्यांनी आत मूठभर भात टाकला.