खिंडीतले धोंडे

गावातून पुसदच्या बाजाराला जायला दोन पायवाटा होत्या. एक बाबाराव पाटलाच्या वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं जायची, सपाट पण लांबची. दुसरी तांड्यावरून खिंड चढून जायची, जवळची पण दम काढणारी. यंदा सरकार यांतल्या एकाच वाटेवर मुरूम टाकणार होतं. ज्या वाटेनं माणसं जास्त जातात तीच धरू, असं ओव्हरसियरनं गावात सांगून ठेवलं होतं.

ते ऐकलं आणि तांड्यातल्या सुखीबाईच्या अंगात वारं शिरलं. तिची सून मानीबाई गरोदर होती. मागच्या वेळी तिला खाटेवर टाकून दवाखान्यात नेताना चढावर माणसांचा दम संपला आणि ती खिंडीतच बाळंत झाली. नातू ठणठणीत निघाला, पण सून मरता मरता वाचली. या खेपेला खिंडीतून बैलगाडी गेली पाहिजे, एवढंच सुखीबाईला हवं होतं. त्यासाठी चार गोष्टी खोट्या बोलाव्या लागल्या तर तिची ना नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याची हौसच होती.

खिंडीच्या तोंडाशी मरिमायचं ठाणं होतं. जाणाऱ्यानं तिथं एक धोंडा वाहायचा, ही लादलेल्या बैलांमागं चालणाऱ्या आज्या-पणज्यांपासूनची रीत. पण हल्लीचे लोक आळशी. नुसते हात जोडायचे आणि सटकायचे. ढीग कसाबसा गुडघ्याएवढा होता.

"हे पाहून साहेब काय म्हणंन?" सुखीबाईनं बायांना झापलं. "इथून कुत्रंबी जात नाही म्हणंन!"

मग दोन दिवस सगळा तांडा खालच्या नाल्यातून धोंडे भरून टोपल्या वर नेत होता. पुरुष आधी हसले. सुखीबाईनं त्यांच्या बापजाद्यांचा उद्धार केला, तेव्हा तेही वाकले. देवीचे जुने धोंडे तिनं बाजूला नीट मांडून ठेवले, कारण लबाडी साहेबाशी करायची होती, देवीशी नाही. दुसऱ्या दिवशी दिवस मावळेस्तोवर ढीग तिच्या डोक्याच्या वर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियर आला. सोबत बाबाराव होताच.

"जाणारा हरेक माणूस एक धोंडा वाह्यते, साहेब," सुखीबाई हात जोडून म्हणाली. "मोजून पाहा. मी कायले खोटं बोलू?"

ओव्हरसियरनं मोजलं नाही. त्यानं फक्त एक मोठा धोंडा उचलला. खालून ओला निघाला, आणि त्याच्याखालचा एक खेकडा तुरुतुरु चालत साहेबाच्या बुटापाशी येऊन थांबला.

"काहून वं सुखीबाई," बाबाराव पोट धरून हसत म्हणाला, "हा कुठं चालला?"

"बाजाराले चालला असंल. त्याले काय बाजार नसते?" सुखीबाई म्हणाली खरी. पण आपल्या आगाऊपणानं सुनेची गाडी घालवली, असं तिला वाटलं.

ओव्हरसियर हसला नाही. "नाल्यातून आणले?"

"हो, साहेब."

"किती जणांनी?"

"साऱ्या तांड्यानं. दोन दिवस."

"तुम्ही किती खेपा केल्या?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी बुढी. वीसच झाल्या. पोरींच्या चाळीस-चाळीस झाल्या."

"डोक्यावर टोपली घेऊन? या चढानं?"

"मंग दुसरा चढ कुठून आणू?"

ओव्हरसियर बाबारावाकडं वळला. "पाटील, तुमच्या वाटेसाठी तुमच्या गावानं किती टोपल्या वाहिल्या?"

बाबाराव टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"धोंडे खोटे आहेत," वहीत लिहिता लिहिता ओव्हरसियर म्हणाला, "पण खेपा खऱ्या आहेत. आणि मुरमाखाली घालायला दगड आयतेच वर आलेत. उद्यापासून ते पसरायला माणसं लागतील."

"उद्या कायले?" डोळे पुसत सुखीबाई म्हणाली, आणि तिथंच वाकून तिनं पहिला धोंडा उचलला.