अल्सीदचे शेवटचे आवर्तन

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. माझ्या पोटात एक छापील चिठ्ठी डकवलेली आहे आणि तिच्यावर फार थोर कारागिराचे नाव आहे. ते साफ खोटे आहे. जर्मनीतल्या एका खेड्यात डझनांनी व्हायोलिने बनत, त्यांतलेच मी एक. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला बोटीने न्यू ऑर्लिन्सला धाडले. तिथे अल्सीद मार्सोने मला घेतले आणि माझ्या जन्माचे सोने झाले.

अल्सीद भिंतींना गिलावा करायचा. आठवडाभर चुन्यात राहून त्याची बोटे भेगाळत. शनिवारी तो त्यांना चरबी चोळायचा आणि रविवारी दुपारी मला घेऊन तळ्याकाठी जायचा. तिथे पाण्यातल्या खांबांवर लाकडी घरे होती. लोक सहलीला येत, खेकडे उकडत, नाचत. आमच्या बँडमध्ये सात जण होते, पण कागदावरचे संगीत वाचता यायचे ते एकट्या अल्सीदला. म्हणून नवी चाल आधी तो माझ्यावर सरळ वाजवायचा आणि बाकीचे ती कानाने उचलत. मग प्रत्येकाला एकेक आवर्तन मिळे. त्यात ज्याने त्याने हवी तशी मौज करावी. अल्सीद मात्र सर्वांत शेवटी. पंगतीत यजमान शेवटी बसतो ना, तशी त्याच्या बँडची रीत होती.

त्या शेवटच्या आवर्तनासाठी लोक हातातले खेकडे बाजूला ठेवत. तोवर आमच्याकडे व्हायोलिन म्हणजे आखल्या वाटेने चालणारे शहाणे बाळ. अल्सीदने मला वाट सोडायला शिकवले. तो एक स्वर खालून घासत वर आणायचा, ठेक्याच्या मुद्दाम मागे रेंगाळायचा, आणि आता हा चुकला असे वाटते तोच बरोबर जागेवर यायचा. असे वाजवणारा तो आमच्या गावातला पहिला. कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, वाजवणारा झेनो त्याला चिडवायचा, "मार्सो, तुझं ते लाकूड रडतंय की हसतंय, एकदाचं ठरव बाबा."

"त्यालाच विचार," अल्सीद म्हणायचा.

एका वर्षी उत्तरेकडून गाण्यांच्या तबकड्या भरणारी माणसे आली. एका रिकाम्या गोदामात त्यांनी आवाज टिपायला मोठा कर्णा लावला. त्या काळी सूर मेणाच्या चकतीवर कोरले जात. आमच्या वाट्याला एकच चकती होती, जेमतेम तीन मिनिटांची. अल्सीदला आठवडाभर घास गोड लागला नाही. आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, ओदीलला, तो म्हणाला, "इतक्या भिंती लिंपल्या मी, पण एकीवरही माझं नाव नाही. हे मात्र राहील बघ."

आज तरी तू आधी वाजव, असे झेनोने त्याला परोपरीने सांगितले. अल्सीदने ऐकले नाही. पाहुणे उपाशी असताना स्वतः ताटावर बसणे त्याला जमणारे नव्हते. सुरुवातीची सरळ चाल आम्ही वाजवली, पण ती कुणीही वाजवली असती. मग एकेकाने आवर्तन घेतले. झेनोला तर असा रंग चढला की भान सुटून त्याने दोन घेतली. अखेर अल्सीदने मला हनुवटीखाली दाबले, गज टेकवला, तो खालचा स्वर घासत वर निघाला, आणि यंत्रावरच्या माणसाने हात वर केला. चकती भरली होती.

पुढच्या वर्षी बघू, असे ती माणसे म्हणाली. पुढच्या वर्षी ती आलीच नाहीत. झेनो शिकागोला निघून गेला. नवे बँड मोठ्या आवाजाचे झाले आणि त्यांत माझी कुणाला गरज उरली नाही. म्हातारपणी अल्सीद मागच्या पायरीवर बसून ते आवर्तन वाजवायचा. सोमवारी चुलीवर राजमा शिजत असे, ओदील कपडे धूत असे आणि धुता धुता गुणगुणत असे. एवढेच आमचे श्रोते.

तो गेला तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे बँड लावून त्याला दफनभूमीत नेले. रस्त्यावर पितळी वाद्यांपुढे माझा निभाव लागत नाही, म्हणून ओदीलने मला पेटीत बंद करून छातीशी धरले होते. घरी येताच तिने मला कपाटात ठेवून कुलूप लावले. बाबांच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. ते प्रेमच होते, मित्रांनो. पण दमट हवेत माझे सांधे जोडणारा सरस सुटला, तारा सैल पडल्या. त्या भेगाळलेल्या बोटांची मला फार आठवण यायची.

दर रविवारी ओदील त्या चकतीवरून निघालेली तबकडी लावायची. सगळा बँड वाजायचा आणि अगदी शेवटी माझा तो एक स्वर निघून तुटायचा. ती सुई उचलून पुन्हा तेवढाच शेवट ऐकायची. चाळीस वर्षे मी कपाटातून तो तुटलेला स्वर ऐकला. त्याच्या पुढचे सगळे माझ्याजवळ होते आणि मला बोलता येत नव्हते.

मग एका रविवारी तिच्या नातीने विचारले, "आजी, याच्या पुढं काय होतं गं?" ही सेलेस्त. शाळेत व्हायोलिन शिकत होती.

ओदीलने सुई उचलून ठेवली. "ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले," ती म्हणाली, आणि किल्ली शोधायला उठली.

मला नवा सरस लागला, नव्या तारा चढल्या. सुरुवातीला माझा आवाज इतका घोगरा होता की मलाच लाज वाटली. मागच्या पायरीवर ओदील गुणगुणायची आणि सेलेस्त वाजवायची. "घाई करू नकोस," ओदील सांगायची, "तुझे पणजोबा उशिराच यायचे."

उन्हाळा असा गेला. मग एका रविवारी तबकडी लावली. झेनोची दोन आवर्तने झाली. तो खालचा स्वर निघाला, तुटला, आणि तिथूनच सेलेस्तने तो माझ्यावर उचलला. ओदीलने सुई काढली नाही. तबकडी नुसती खरखरत राहिली आणि त्या खरखरीवर अल्सीदचे आवर्तन पुरे झाले. ती बोटे त्याची नव्हती. त्याची ती भेगाळलेली बोटे मला आजही हवी आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे वाद्य कपाटात असेल तर ते जपा, पण कुलपात नको. कुणाला तरी वाजवू द्या, चुकत का होईना. आणि सगळ्यांना वाढून शेवटी बसणारे कुणी तुमच्या घरात असेल, तर एखाद्या दिवशी त्याचे ताट आधी वाढा.