फलकावर उतरलेली विहीर

मित्रांनो, मी एक जुना मोजणीफलक आहे. सागवानाची चौरस फळी आणि खाली तीन पाय, एवढाच माझा देह. पण सोलापूर जिल्ह्यातली कितीतरी शेते माझ्याच अंगावर कागदात उतरली.

माझे धनी राजेसाब हे भूकरमापक. मोजणी म्हणजे नुसती फीत ओढणे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांचे काम पाहायला हवे होते. आधी जुना नकाशा वाचायचा, लगतच्या शेतकऱ्यांना बोलवायचे, गवतात दडलेला हद्दीचा दगड शोधायचा; मग मला समतल करून, होकायंत्राने उत्तर दिशा साधून, दूरच्या झेंड्यांकडे पाहत रेषा आखायच्या. शेत उमटू लागले, की माणसे माझ्यावर ओणवत.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात बजाबाई आणि त्यांचे धाकटे दीर मानसिंग यांच्या बांधावर मी असाच उभा होतो. वाद विहिरीचा होता. रेषा पडल्या आणि विहीर बजाबाईंच्या बाजूला आली.

"सायेब, कागुद उलटा धरला न्हाय न्हवं?" मानसिंग फणकारले.

राजेसाबांनी पडताळणीसाठी आणखी एका झेंड्याकडे रेघ ओढली. ती जुळेना. "जवळपास कुणाचं लोखंड आहे का? सुई फिरलीय."

खुरपणीवरून येताना बजाबाईंनी आपला विळा माझ्याच पायाला अडकवला होता. कुणाचे लक्ष नव्हते. त्यांनी एकदा विहिरीकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःच तो काढला आणि दूर बांधावर नेऊन टाकला.

"माजाच हाय की. मोजा पुन्ना."

या खेपेस रेषा चोख जुळल्या. विहीर मानसिंगांकडे गेली. बजाबाईंनी कागदावर बोट ठेवले. "हितं हाय व्हय ती?"

मानसिंगही वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही. "वैनी, मोटर तुमची तितंच ऱ्हाऊ द्या. पाळी लावू. चार दिस तुमी, चार दिस आमी."

"सायेबाम्होरं बोललायसा भावजी. आता फिरू नगा."

आज नवे भूकरमापक उपग्रहावरून जागा टिपणारे यंत्र नेतात. ते माझ्याहून अचूक आहे. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. मी कचेरीच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ पेलतो. ओलीने माझे सांधे फुगले आहेत. मला ऊन हवेसे वाटते, आणि त्या उन्हात माझ्यावर पडणारी, भांडत भांडत जवळ आलेल्या माणसांची सावली.

मित्रांनो, माठ उतरवा आणि मला कोरडे ठेवा, एवढे तर मागतोच. पण तुमच्यापैकी कुणी पुढे मोजणीचे काम पत्करले, तर नुसते आकडे हातावर ठेवून परतू नका. दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच नकाशावर वाकू द्या. आणि त्यांच्यातले कुणी बोलेपर्यंत थोडे थांबा.