बेटावरच्या हातगाडीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे आणि माझ्या दांडीने एका माणसाचे डोके फुटले आहे. हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळले तर तुम्ही म्हणाल, गाडीने लपवले.

मी राहते त्या बेटावर मोटारींना बंदी आहे. मोटारसायकल नाही, रिक्षा नाही, साधा टेम्पोही नाही. लोक सुट्टीला इथे येतात ते त्यासाठीच. बोटीतून उतरल्या उतरल्या ते एकमेकांना सांगतात, "किती शांत आहे ना इथे!" मग भाड्याच्या सायकली घेतात आणि वरच्या हॉटेलांकडे निघून जातात. त्यांचे सामान आम्ही हातगाड्या वर नेतो. जेटीवर ते पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत, म्हणून त्यांना तिथली मारामारी दिसत नाही.

मला बंदरामागच्या सुताराने घडवले. मोडलेल्या होडीचे लाकूड त्याने कुऱ्हाडीने फोडले, करवतीने चिरले आणि रंध्याने सोलून काढले. लोहाराने लोखंडी धाव लालभडक तापवून माझ्या चाकावर ठोकली, तेव्हा कडेचे लाकूड पेटले. वरून बादलीभर पाणी ओतल्यावर धाव अशी आवळली की माझा आरा न आरा कडाडला. ओढायची दांडी मात्र सुताराने सुटी ठेवली. "हॉटेलांच्या बोळात वळत नाहीत या गाड्या," तो म्हणाला, "खीळ उपसली की दांडी मोकळी. आत फळीच ढकलायची." अशी सोय दुसऱ्या कोणत्याच गाडीला नव्हती. मला तिचा अभिमान वाटे.

माझा मालक हमाल होता. बोलायचा इतका कमी की जेटीवर त्याचे नावच गप्प्या पडले होते. राग आला की तो आणखीच गप्प होई आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्याची बायको हॉटेलांच्या चादरी धुवायची. दोघांच्या वाटणीचे ती एकटीच बोलायची.

मोसमात बोट दिसली की हमाल तिच्यावर तुटून पडत. दोर बांधायच्या आधीच उड्या मारत, कोपराने कोपर ढकलत, प्रसंगी चावतही. एकदा एकाच्या हाताची दोन बोटे बोट आणि जेटीच्या मध्ये चिरडली. त्याने पंचा गुंडाळला, पण दुसऱ्या हातातली बॅग सोडली नाही. पाहुण्यांना वाटले, काय उत्साही माणसे आहेत!

मग जेटीवरच्या सामानाचा ठेका एका ठेकेदाराने घेतला आणि तिथे आपला मुकादम नेमला. दोन बोटे तोंडात घालून तो अशी शिट्टी मारी की वरच्या हॉटेलातल्या कुत्र्यांनी भुंकावे. त्याचे नाव अर्थातच शिट्टी. त्याने हुकूम काढला, की सगळ्या गाड्यांना निळा रंग लावायचा, रांगेत उभे राहायचे आणि शिट्टी वाजली की ज्याला सांगितले त्यानेच पुढे यायचे. काहींनी ऐकले. ज्यांनी ऐकले नाही, त्यांना ऐकवले गेले. एका वयस्क हमालाला शिट्टीच्या दोघा माणसांनी भिंतीशी दाबून धरले आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या गाडीची दोन्ही चाके घणाने फोडली. माझ्याशेजारी आठ वर्षे उभी राहिलेली ती गाडी! दुसऱ्या एकाचा जबडा मोडला. महिन्याभरात सगळ्या गाड्या निळ्या झाल्या. राहिले मी एकटी.

एका सकाळी शिट्टीच्या माणसांनी मला घराबाहेरून ओढून चढणीच्या माथ्यावर नेले आणि सोडून दिले. मी उडत, आपटत खाली आले आणि खानावळीच्या भिंतीवर आदळले. तीन आरे मोडले. गप्प्याने ते बसवायला घेतले, तेव्हा बायको समोर येऊन उभी राहिली.

"फासा ना एकदाचा तो निळा रंग! अंगाला खाज सुटणार आहे का?"

"रंगाचं काही नाही."

"मग कशाचं आहे?"

"शिट्टी वाजली की उठायचं. कुत्र्यासारखं."

"आणि नाही उठलात तर ते हातपाय मोडतील. मग तुम्हाला अंथरुणात कोण उठवणार? मीच ना?"

त्याने पुढचा आरा ठोकून बसवला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात बाई आल्या. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दरवर्षी एकट्या येत, सोबत पुस्तकांनी भरलेली काळी पत्र्याची पेटी. बोटीतून उतरता उतरताच विचारत, "माझी गाडी कुठंय?" माझी चाके कुरकुरली तर गप्प्याला रागवत आणि समोर उभे राहून तेल घालून घेत. माझे एवढे कौतुक दुसऱ्या कोणी केले नाही.

भर दुपार होती. गप्प्याने पेटी माझ्यावर ठेवली. तेवढ्यात शिट्टी आला आणि त्याने पेटीवर पाय दिला.

"बाई, रांगेतली गाडी घ्या."

"मला हवी ती मी घेतली आहे. पाय काढा."

"इथला नियम आहे."

"असेल. आधी पाय काढा."

त्याने पाय काढला तो लाथ मारूनच. पेटी जेटीच्या दगडांवर आपटली, कुलूप तुटले, पुस्तके विखुरली. काही पाण्यात गेली. गप्प्या पुढे झाला, पण दोघांनी त्याचे हात मागे पिरगाळले आणि तिसऱ्याने तोंडावर ठोसे घातले. एक दात माझ्या फळीवर येऊन पडला. बाई मध्ये आल्या. शिट्टीने त्यांना बाजूला ढकलले. बाई साठी ओलांडलेल्या. त्या तळव्यांवर पडल्या आणि दोन्ही तळवे सोलवटले.

तेवढ्याने शिट्टीचे काम झाले होते. दुसरी बोट लागत होती. त्याने माणसांना खूण केली, त्यांनी गप्प्याला सोडले आणि शिट्टी त्या बोटीकडे निघाला. दोन बोटे तोंडाशी नेली.

तेव्हा माझी खीळ उपसली गेली.

मित्रांनो, मला कळले होते. त्या हाताची पकड मी बारा वर्षे ओळखत होते. ती ओझ्याची पकड नव्हती. पण मी लाकूड. मला थांब म्हणता आले नाही. दांडी वर गेली आणि खाली आली. कोरडी फळी मोडावी तसा आवाज झाला. शिट्टी ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. दांडी पुन्हा वर गेली होती, पण बाई ओरडल्या, "पुरे!" आणि ती तशीच हवेत राहिली.

मग बोटीतून नुकताच उतरलेला एक गृहस्थ ओरडला, "अहो, अँब्युलन्स बोलवा कोणीतरी!"

"इथं गाड्या नाहीत साहेब," एक हमाल हळूच म्हणाला.

दवाखाना बेटाच्या माथ्यावर होता. रस्ता सगळा चढणीचा. इतर गाड्यांवर सामान रचलेले होते. मी रिकामी उभी होते.

"उचल त्याला," बाई गप्प्याला म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? आत्ता एवढा जोर होता ना अंगात? लाव तो."

त्याने तीच दांडी पुन्हा बसवली. रक्ताने ती निसटत होती, म्हणून हात वाळूत घासून घेतले. शिट्टीला माझ्यावर निजवले. बाईंनी आपली शाल जखमेवर दाबून धरली आणि त्या माझ्या बाजूने चालू लागल्या. गप्प्या पुढून ओढत होता. मागून शिट्टीची माणसे ढकलत होती, ज्यांनी आत्ताच गप्प्याचा दात पाडला होता तीच. त्यातला एकजण प्रत्येक वळणावर पुढे येऊन गप्प्याच्या पाठीत गुद्दा घाली. "हा मेला ना, तर तुला इथंच गाडीन!" म्हणे, आणि पुन्हा मागे जाऊन खांदा लावी. गप्प्या गुद्दे खात राहिला. थांबला नाही. रक्त माझ्या फळ्यांतून गळून चाकांच्या कण्यावर पडत होते. सायकलवरचे पाहुणे उतरून कडेला उभे राहिले. त्या दिवशी कोणी म्हणाले नाही, किती शांत आहे.

डॉक्टरीणबाईंनी दारातच जखम पाहिली. "बोलायला कोणाला वेळ आहे? आत घ्या!" एवढेच म्हणाल्या. रक्त थांबवून संध्याकाळच्या बोटीने त्याला पलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेले. शिट्टी वाचला. पण त्याचा डावा हात लुळा झाला, डावा पाय अधू झाला आणि तोंड एका बाजूने ओघळले. शिट्टी वाजवणे तर राहोच, पाणी पितानाही ओठांतून सांडू लागले.

गप्प्या दवाखान्याच्या पायरीवर दांडी मांडीवर घेऊन बसला होता. पोलीस आले तेव्हा त्याने ती स्वतःच पुढे केली.

मला चौकीच्या आवारात नेऊन टाकले. चाकाला चिठ्ठी बांधली, मुद्देमाल. कोर्टात बाईंनी साक्ष दिली. त्यानंतर त्या मला बघायला चौकीत आल्या आणि तिथे गप्प्याच्या बायकोने त्यांना गाठले.

"सगळं खरं सांगितलंत बाई. त्यानं लाथ मारली, तुम्हाला पाडलं, सगळं. पण 'मारलं तेव्हा तो पाठमोरा होता' हे कशाला सांगायचं? तेवढं एक वाक्य गाळलं असतंत तर?"

बाईंच्या तळव्यांवर अजून वण होते. "मग बाकीची वाक्यं कोणी खरी मानली असती?" त्या म्हणाल्या. "मलाही ते सोपं गेलं नाही गं."

गप्प्याला चार वर्षांची शिक्षा झाली. चार वर्षे मी ऊनपावसात पडून होते. वाळवीने एक बाजू खाल्ली. धावेवर गंज चढला. मांजरीने माझ्याखाली दोनदा पिल्ले घातली. येणारेजाणारे माझ्यावर पान थुंकत. आपण कोणाला नको आहोत हे वस्तूलाही समजते, मित्रांनो.

सुटून आल्यावर गप्प्याने मला दांडीसकट चौकीतून सोडवले आणि ओढत घरी निघाला. तेव्हा ठेकेदार बेट सोडून गेला होता. शिट्टी जेटीवर एका खोक्यावर बसून असे. आम्हाला पाहिले तसा तो उठला. उजव्या हाताने दगड उचलून मारला. गप्प्याची भुवई फुटली. गप्प्या उभाच राहिला. दुसरा दगड छातीवर बसला. दांडीवरची त्याची पकड आवळली. खीळ बोटाला लागत होती. त्याने हात दांडीवरून काढले आणि खाली सोडले.

"झालं समाधान?" त्याने विचारले. टोचून नाही, खरेच विचारले.

"नाही," शिट्टी वाकड्या तोंडाने म्हणाला. "कधीच व्हायचं नाही."

गप्प्याने मान डोलावली. त्यानंतर तो परत कधी जेटीवर सामान ओढायला गेला नाही. माझी कुजलेली बाजू बदलून त्याने माझ्यावर गादी बांधली आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन उभा राहिला. तेव्हापासून आम्ही दोघे आजारी माणसांना चढण चढवतो. ताप आलेली मुले, बाळंतिणी, सायकलवरून पडलेले पाहुणे. दांडी आता खिळ्यांनी पक्की ठोकली आहे. बोळात वळताना त्रास होतो, होऊ दे.

शिट्टीला दर महिन्याला हाताच्या औषधासाठी वर जावे लागते. गप्प्या मला घेऊन त्याच्या दारासमोर थांबतो. शिट्टी माझ्यावर बसत नाही. पाय ओढत चालायला लागतो, मध्येमध्ये भिंतीला टेकून दम खातो. गप्प्या दहा पावले मागे राहून मला रिकामीच ओढतो. शिट्टी थांबला की आम्ही थांबतो. पोचायला तास लागतो. असे सहा वर्षे चालले आहे. तो अजून एकदाही बसलेला नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, पावसात सोडू नका, असे मी सांगणार होते. गाड्यांनी तेच सांगायचे असते. पण माझे मागणे वेगळे आहे. राग सगळ्यांना येतो, तुम्हालाही येईल. तो आला की आधी हातात काय आहे ते पाहा, आणि जे असेल ते खाली ठेवा. आम्हा वस्तूंना नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागते.